सात नंबरचा खड्डा

दिगू, तुझी काळी रेक्झिनची पिशवी आता माझ्या घरी आहे. तेरवी झाल्यावर शोभावहिनींनी ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यातले कागद तुमच्या दोघायच्या कामाचे. घरात ठेवून मी काय करू?" मी ती मोटरसायकलच्या हँडलला अडकवली आणि लोणारच्या बसस्टँडपर्यंत येता येता दोनदा थांबलो. इतकी वर्षं ती पिशवी सीटवर आपल्या दोघांच्या मध्ये बसली. तिची चेन माझ्या पाठीला टोचायची, मी शिव्या द्यायचो, आणि तू मागून म्हणायचास, "कागद हँडलले लटकवत नसतात बे, गाडी चालव." त्या दिवशी ती हँडलला लटकली होती आणि मागची सीट रिकामी होती.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. चौकात सिमेंटच्या दुकानात बोलतात, बांधकाम उपविभागाच्या ऑफिसातही बोलतात. मी गप्प बसतो, कारण तुझं चांगलं सांगायचं तर माझं वाईट आधी सांगावं लागतं. ते अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही, म्हणून तुलाच लिहितो. एका खड्ड्याच्या खोलीबद्दल मी तुझ्याशी खोटं बोललो. तू ते खरं मानलंस, कागदावर लिहिलंस, खाली सही केलीस आणि दोन दिवसांनी गेलास.

तू कागदाला इतका का चिकटलास, हे नव्या लोकांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यामुळेच झालं. ठेकेदारीतलं आपलं पहिलं काम शाळेच्या कंपाऊंडचं होतं. सरपंच म्हणाले, गेट दहा फूट इकडे घ्या, म्हणजे एसटी वळेल. हेडमास्तर हो म्हणाले, तेव्हाचे इंजिनिअर साहेबही मान हलवून गेले. मी खूश होऊन गेट सरकवलं. महिन्याभरात साहेबांची बदली झाली. नवे आले, त्यांनी नकाशा उघडला आणि विचारलं, गेट इथं कुणी सांगितलं? सरपंचांना आठवेना. हेडमास्तर खिडकीतून बाहेर बघायला लागले. आपण ते गेट आपल्या हातांनी फोडलं आणि नकाशात होतं तिथं पुन्हा बांधलं. त्या संध्याकाळी तू एक दोनशे पानी वही विकत घेतलीस.

तेव्हापासून तुझ्या पत्रांना सुरुवात झाली. "आज सकाळी आपण जागेवर तोंडी सांगितल्याप्रमाणे" या शब्दांनी सुरू होणारी किती पत्रं तू लिहिली असशील, देव जाणे. साहेब बोलून जीपमध्ये बसायचे आणि तू बोनेटवर कागद ठेवून लिहायला लागायचास. कुणी चिडायचं, कुणी हसायचं, पण पोच घेतल्याशिवाय तू हलायचा नाहीस. तुझ्या मुलीच्या, रेणूच्या लग्नात तर तू कहर केलास. मांडववाल्याला मांडवाचा नकाशा काढून दिलास, खांबांना नंबर दिलेस आणि खाली त्याची सही घेतलीस. तो बिचारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, मी हजार मांडव टाकले, पन माह्या खांबाले कोनी नंबर देल्ला नव्हता." मी ते तुला सांगितलं तेव्हा तू हसला नाहीस. "मंग किती खांब टाकले ते मोजलं का त्यानं?" एवढंच विचारलंस.

आपलं भांडण मात्र कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, इमारत सिमेंटवर उभी राहते, तुझ्या कागदावर नाही. तू म्हणायचास, उभी आहे तोवर सिमेंटवर, पडली की कागदावर. मी म्हणायचो, आपल्याला पाडायची आहे का? तू म्हणायचास, करारनामा म्हणजे भांडण व्हायच्या आधी, डोकं थंड असताना लिहून ठेवलेलं भांडण. मला त्यातलं पटायचं बरंच, पण तुझ्यासमोर कबूल करायचं जिवावर यायचं. एकदा रागात मी तुला कारकुंड्या म्हणालो होतो. तो शब्द तू विसरला असशील, मी विसरलो नाही.

भागीदारीच्या करारात तू एक कलम घातलंस: दोघांच्या सह्या असल्याशिवाय आपल्या फर्मचं एकही पत्र बाहेर जाणार नाही. ते कलम माझ्यासाठी होतं, गेट सरकवणाऱ्यासाठी. आणि तुझा स्वतःचा एक नेम होता, तो कुठल्याच कलमात नव्हता. जे झाकलं जाणार आहे ते तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचा नाहीस. भिंत उद्याही मोजता येते, खड्डा एकदा भरला की गेला. म्हणून काँक्रीट पडायच्या आधी तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून प्रत्येक खड्ड्यात उतरायचास, टेप लावायचास, आकडा मोठ्यानं वाचायचास, तो वरून मला परत म्हणायला लावायचास आणि मगच वहीत लिहायचास. गवंडी, मजूर सगळे तोंडावर हात ठेवून हसायचे. मीही त्यांच्यात असायचो.

आरोग्य उपकेंद्राचं काम घेतलं तेव्हा तू खूश होतास. लोणारहून आत, त्या गावातल्या बाया बाळंतपणासाठी अजून जीपमध्ये बसून तालुक्याला येतात, हे तू मला दोनदा सांगितलंस. जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी पिऊन फुगते. म्हणून नकाशात प्रत्येक पाया दीड मीटर खाली, मुरमापर्यंत न्यायला सांगितलं होतं. दीड मीटर म्हणजे आपल्या भाषेत पाच फूट. सहा खड्डे झाले, तू उतरलास, मोजलेस, इंजिनिअर मॅडमनी तपासले, साइट ऑर्डर बुकात नोंद झाली, आपण भरले. सातवा राहिला होता. मागच्या कोपऱ्यातला. त्याची एक बाजू ढासळली होती, ती सावरून पुन्हा खोदायचं होतं.

मॅडमनी सोमवारी येते म्हणून कळवलं होतं. तुझ्या छातीत जळजळ होत होती. तू फोनवर म्हणालास, पित्त झालंय, आज काही मी येत नाही. शुक्रवार होता. मिक्सर जागेवर उभा होता, मजुरांना दुपारीच आपल्या गावी लग्नाला निघायचं होतं, ते परत कधी येतील याचा भरवसा नव्हता, आणि अवकाळी ढग भरून आले होते. खड्ड्यात पाऊस शिरला असता तर तो पुन्हा ढासळला असता. मी टेप लावला. चार फूट. तळाला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारली, टणक आवाज आला. मी स्वतःला सांगितलं, हा मुरूमच. आपले जुने गवंडी रहीमचाचा म्हणाले, "सेठ, अजून फूटभर घेऊ. मॅडमले बी दाखवू." मी म्हणालो, भरा. दिगू, कुणी मला भाग पाडलं नव्हतं. मीच तो शब्द बोललो.

तीन वाजता मी तुला फोन केला.

"न दाखवता भरला?" तू म्हणालास.

"हाव. पानी येऊन राह्यलं होतं."

मला वाटलं, आता सुरू होशील.

"किती गेला?"

"पाच."

"टेप लावला होता?"

"हाव बे, लावला."

"पाच भरला?"

"पाच."

"बरं," तू म्हणालास. "मंग मी पत्र लिहितो. चूक आपली हाये, ते लिहा लागंल. तू सही करून देजो." आणि फोन ठेवलास.

दोन मिनिटांत संपलं. मी फोन खिशात टाकला आणि मला चक्क हलकं वाटलं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास याचं नाही, तुझ्या तावडीतून सुटलो याचं. तुझं पित्त कसं आहे, हेही मी विचारलं नाही. रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. डॉक्टर म्हणाले, ते पित्त नव्हतंच.

मधल्या दिवसांत काम बंद होतं. मॅडमनी सोमवारची फेरीही रद्द केली, तुझ्या घरी येऊन गेल्या. तेरवीनंतर पिशवी उघडली तेव्हा सगळ्यात वर ते पत्र होतं, तुझ्या सरळ, उभ्या अक्षरात, दोन प्रतींत. "पाया क्रमांक सात आपल्या तपासणीपूर्वी आमच्याकडून भरला गेला आहे. ही आमची चूक आहे. खोदाईची खोली दीड मीटर असून ती आमचे भागीदार श्री. सुधाकर यांनी टेपने मोजली आहे. आपणास आवश्यक वाटल्यास बाजूने खोदून खात्री करावी, त्यास आमची हरकत नाही." खाली उजवीकडे तुझी सही. डावीकडे माझं नाव, वर मोकळी जागा.

मी ते पत्र कितीदा वाचलं ते सांगत नाही. तू वाक्य कसं जुळवलं होतंस ते मला कळत होतं. तू पाहिलं नव्हतंस, म्हणून मोजणाऱ्याचं नाव घातलंस. तरी आकडा तुझ्या अक्षरात होता. आयुष्यभर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा न लिहिणाऱ्या माणसानं एक आकडा माझ्या शब्दावर लिहिला, आणि तोच खोटा निघाला.

आता खरं सांगतो, मी ते पत्र तसंच देणार होतो. चार दिवस माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. फक्त सही करायची आणि ऑफिसात पोच घ्यायची. मॅडमनी खोदून बघितलंच नसतं. त्या ऑफिसात तुझं पत्र म्हणजे टेप लावायची गरज नाही, असं सगळे म्हणायचे. माझं खोटं तुझ्या नावावर पास झालं असतं. वर उपकेंद्र उभं राहिलं असतं, बाया आल्या असत्या, लसी घ्यायला पोरं आली असती, आणि तो कोपरा तीन-चार पावसाळे तरी बोलला नसता. कधी भेग पडलीच, तर कागदावर तुझी सही होती. तू तर सुटला होतास, तुला कोण काय विचारणार, असंही माझ्या मनात आलं. हा विचार मी केला, दिगू. तू गेल्यावर वीस दिवसही झाले नव्हते.

मग वहिनींचा फोन आला. रेणू सासरी परत जाणार होती, तिला तुझी शेवटची सही हवी होती, जपून ठेवायला. पिशवीत तसा कागद असेल तर द्या म्हणाल्या. दुसरा एखादा कागद नेता आला असता. तुझ्या सह्यांचे ढीग आहेत त्यात. पण शेवटची म्हटल्यावर माझा हात त्याच पत्राकडे गेला.

ते घेऊन मी तुझ्या घरी गेलो, सकाळची वेळ होती. वहिनी ओट्यापाशी होत्या, चहाचं आधण ठेवलं होतं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पत्र उभ्यानंच वाचलं. वाचून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर बरेच दिवसांनी थोडं हसू आलं.

"हे त्या शुक्रवारी लिवलं त्यायनं. मी म्हनलं, तब्येत बरी नाई तं उद्या लिवा. तं म्हने, सुध्यानं पाच सांगतला म्हंजे पाचच असंल, लिहून टाकतो, नाई तं झोप नाई येनार. मी म्हनलं, तुमी तं पाह्यल्याबिगर लिवत नाई. तं म्हने, एवढ्या वर्षात एकदा तरी त्याच्या तोंडाचं लिहू दे."

मी पाटावरून उठलो. मला वाटलं बाहेर जावं. पण मी उभा राहून सांगितलं. चार होता वहिनी, पाच नव्हता, मी खोटं सांगितलं.

आधण उकळून उतू गेलं, तरी त्यांनी गॅस बंद केला नाही, मीच केला. मी म्हणालो, हे पत्र मी फाडतो आणि नवं लिहितो, खरं, माझ्या एकट्याच्या सहीचं. त्यांनी पत्र छातीशी धरलं.

"फाडू नका," त्या म्हणाल्या. "त्यायनं जलमात कागद फाडला नाई. आमच्या बचत गटाचं रजिस्टर मी लिवतो. चुकलं की मी रबरानं पुसत होतो, तं माह्यावर खेकसले होते. एक रेघ मारायची, म्हने, अशी मारायची का खालचं वाचता आलं पायजे. वर खरं लिवायचं, बाजूले सही करायची, तारीख टाकायची." त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. "तुमी चुकले. तुमी मारा रेघ."

मी तुझ्या अक्षरावर रेघ मारली. "दीड मीटर" या शब्दांवरून, एक. ते खाली स्वच्छ वाचता येत होते. वर लिहिलं, "एक मीटर वीस". बाजूला सही केली, त्या दिवशीची तारीख टाकली, आणि मग डावीकडच्या मोकळ्या जागेत माझी दुसरी सही केली. दुसऱ्या प्रतीवरही तसंच. रेघ सरळ आली. वहिनी बघत होत्या. चहा त्यांनी गाळला नाही, आणि मीही थांबलो नाही. रेणूला वहिनींनी घरातल्या दुसऱ्या कागदावरची तुझी सही दिली, असं नंतर कळलं.

ऑफिसात मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. त्या खामगावकडच्या, तरुण आहेत, तुला दिगंबरकाका म्हणायच्या. रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कुणी खोडलं?"

"मी."

"काकांना माहीत होतं?"

"नव्हतं," मी म्हणालो. "त्याले मी पाच सांगतला होता."

"मग आता कशाला सांगितलं? कुणाला कळलं असतं?" त्यांनी हे रागानं विचारलं नाही, खरंच विचारलं. मी पोचेसाठी दुसरी प्रत पुढे केली. त्यांनी पोच दिली आणि दुसऱ्याच दिवशी बाजूनं खोदायचा आदेश साइट ऑर्डर बुकात लिहिला.

रहीमचाचांनी खोदलं. मी सांगितलं होतं ना, असं ते मला एकदाही म्हणाले नाहीत. पायाची खालची कड उघडी पडली तेव्हा मॅडम स्वतः खड्ड्यात उतरल्या, टेप लावला, आकडा वाचला. एक मीटर वीस. मग चाचांनी काँक्रीटच्या खाली हात घालून मूठभर माती काढली आणि दाबली. तिचा गोळा झाला. मुरमाचा गोळा होत नाही, हे तू मला कितीदा दाखवलं होतंस. काळी माती होती, दिगू. वरचा एक थर ऊन खाऊन टणक झालेला, सब्बल त्यावर वाजली होती. त्याखाली काळीच.

पाया फोडायला दोन दिवस लागले. घण मीही मारला, जमेल तेवढा. सळ्या वाकवून बाहेर काढल्या. मुरूम लागला सहा फुटांवर, नकाशापेक्षाही खाली. मॅडमनी तेवढं खोदायला लावलं, मोजलं, लिहिलं, आणि मग भरू दिलं. आता तो पाया बरोबर आहे. त्या कोपऱ्यात बाळंतिणींची खोली येणार आहे.

ऑफिसात ते पत्र फाईलला लागलं. आता जो कुणी ती फाईल उघडेल, त्याला रेघेखालचं "दीड मीटर" दिसेल आणि माझी सही दिसेल. मला त्याचं काही वाटत नाही असं नाही. गेल्या आठवड्यात एक लिपिक मला बघून दुसऱ्याच्या कानात बोलला. बोलू दे. वहिनींच्या घरी मी अजून गेलो नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

रोज सकाळी साइटवर जाताना मला तोच शुक्रवार आठवतो. खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, ते मला पाठ आहे. छाती धरून का होईना, तू रिक्षा करून आला असतास. सगळ्या मजुरांसमोर माझ्या अंगावर धावून आला असतास. "काऊन बे सुध्या, काऊन भरला?" म्हणून ओरडला असतास. गेटची गोष्ट काढली असतीस, करारातलं कलम काढलं असतंस, आणि मी तुला पुन्हा कारकुंड्या म्हणालो असतो. कदाचित चाचांनी तुझ्या चेहऱ्याकडे बघून म्हटलं असतं, ह्यायले आधी दवाखान्यात न्या. कदाचित नसतंही म्हटलं. मला माहीत नाही, आणि आता ते कुणालाच सांगता येणार नाही.

पण तू तासभर तरी भांडला असतास. तेवढा वेळ तू माझ्याजवळ असतास. मी "पाच" म्हणालो, तू "बरं" म्हणालास, आणि आपलं बोलणं संपलं.